टाचेच्या थेंबाशेजारी वजन लिहा: बडोद्यातल्या प्रसूतिगृहांना आणि माहेरघरांना खुले पत्र

बडोद्यात प्रसूतिगृहं चालवणारे डॉक्टर, तिथल्या सिस्टर, आणि लेकीचं बाळंतपण माहेरी करणारी इथली मराठी घरं, सर्वांस सप्रेम नमस्कार.

माझं मागणं दोन-तीन वाक्यांत मावतं, म्हणून आधी तेच सांगते. जन्मजात दोष ओळखायला नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जे कार्ड तुम्ही प्रयोगशाळेकडे पाठवता, त्यावर बाळाचं जन्मवजन ग्रॅममध्ये, गर्भाचे पूर्ण झालेले आठवडे आणि जन्मानंतर किती तासांनी रक्त घेतलं, या तीन गोष्टी न चुकता लिहा. जे बाळ कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं किंवा जुळ्यातलं आहे, किंवा जे दवाखान्यातल्या उबेच्या काचपेटीत राहिलं आहे, त्याचं रक्त दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासा. आणि घरच्यांना विनंती, की त्या दुसऱ्या तपासणीला बाळाला घेऊन या. सव्वा महिना पुरा व्हायची वाट बघू नका.

माझी सगळी नोकरी रक्त तपासण्यात गेली. शेवटची बरीच वर्षं नवजात बाळांच्या कार्डांवरच काम केलं. डॉक्टरांशी माझं बोलणं एरवी गुजरातीतच होतं आणि त्यांच्यासाठी या पत्राचा गुजराती मजकूर वेगळा करते आहे. इथे मराठीत लिहिते आहे, कारण ज्या आजीच्या हातात ते बाळ चाळीस दिवस असतं, तिनंही हे वाचायला हवं.

ज्यांनी हे कार्ड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टिपकागदाच्या जातीचा एक जाड पांढरा कागद असतो, त्यावर तुटक रेषेची चार-पाच वर्तुळं छापलेली. बाळाची टाच कोमट ओल्या फडक्यानं जराशी शेकायची. टोचायचं ते टाचेच्या कडेला. मधोमध टोचलं तर हाड जवळ असतं. पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसून टाकायचा. दुसरा थेंब चांगला मोठा होऊ द्यायचा आणि मग कागद त्याला अलगद टेकवायचा. कागद रक्त ओढून घेतो आणि वर्तुळ मागच्या बाजूनंही लाल दिसतं, तेव्हा ते भरलं असं समजायचं. टाच पिळायची नाही, कारण पिळलं की रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं. एका थेंबावर दुसरा थेंब चढवायचा नाही. मग कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास सावलीत सुकवायचं. मे महिन्याच्या बडोद्यात ते खिडकीच्या उन्हात ठेवणं किंवा ओलं असतानाच पाकिटात कोंबणं, दोन्ही सारखंच वाईट. प्रयोगशाळेत आम्ही त्या सुकलेल्या डागातून जेमतेम तीन मिलिमीटरची टिकली कापतो आणि त्या टिकलीवरून बाळाची थायरॉइड, अ‍ॅड्रिनल, साखर आणि प्रथिनं पचवणारी विकरं (एन्झाइम) यांच्याबद्दल निर्णय देतो.

ही कल्पना रॉबर्ट गथ्री या अमेरिकी डॉक्टरांची. त्यांच्या नात्यातल्या एका मुलीला फिनाइलकिटोन्यूरिया, म्हणजे प्रथिनांतला एक घटक न पचण्याचा जन्मजात आजार, होता आणि तो कळला तेव्हा मेंदूचं नुकसान होऊन गेलं होतं. हा आजार नॉर्वेतल्या अस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्येच ओळखला होता. आहार बदलून नुकसान टाळता येतं हेही नंतर कळलं होतं. अडचण एवढीच होती, की प्रत्येक बाळ तपासायचं कसं. गथ्रींनी कागदावर सुकवलेल्या थेंबाचा मार्ग काढला आणि १९६३ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढच्या दशकात कॅनडात क्वेबेकला जाँ दुसो यांनी त्याच थेंबावर थायरॉइडची तपासणी बसवली. आज टँडम मास स्पेक्ट्रोमीटर या रेणू मोजणाऱ्या यंत्रावर एका टिकलीतून चाळीसेक दोष पाहता येतात. एवढं सगळं यंत्र करतं. पण बाळ केवढं आहे, किती दिवसांचं आहे, हे यंत्राला कळत नाही. ते कोणीतरी पेनानं लिहावं लागतं.

आणि तेच लिहिलेलं नसतं. वजनाची चौकट कोरी असलेली कार्डं माझ्या हातात नेहमी यायची. भरलेली असायची तेव्हा फार वेळा तिथे ‘२.५’ असायचं. इतकी बाळं नेमकी अडीच किलोची जन्मत नाहीत. काट्यावर २३८० आलं तरी ‘अडीचच्या आसपास’ म्हणून अडीच लिहिलं जातं, घरच्यांनाही ते ऐकायला बरं वाटतं. आठवड्यांच्या जागी ‘एफटी’ एवढी दोन अक्षरं, म्हणजे पूर्ण दिवसांचं. ३७ आठवड्यांचंही एफटी आणि ४१ चंही एफटीच. रक्त घेतल्याची तारीख असायची, वेळ नसायची.

त्यानं काय बिघडतं ते सविस्तर सांगते, कारण सिस्टरांना ही चौकट का भरायची हे कोणी सांगितलेलंच नसतं, आणि कारण न कळलेलं काम हातून सुटतंच.

बाळ पोटात असतं तेव्हा त्याला साखर नाळेतून अखंड मिळत असते. नाळ कापली, की ती बंद. तेव्हापासून दूध नीट सुरू होईपर्यंत बाळाला स्वतःच्या शिलकीवर काढायचं असतं. यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन ही त्यातली मोठी शिल्लक, आणि ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत साठते. मानेमागे, खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती असणारी तपकिरी चरबी बाळाला ऊब देते, तीही शेवटच्या महिन्यांतच भरते. म्हणून आठव्या महिन्यात आलेलं बाळ थंड लवकर पडतं आणि त्याची साखर लवकर उतरते. पोटातच उपाशी राहिलेलं, पूर्ण दिवसांचं पण १९०० ग्रॅमचं बाळही तसंच, कारण त्याला साठवायला काही मिळालेलंच नसतं. दोघांचं वजन सारखं असलं तरी शरीराचं काम चालण्याची तऱ्हा वेगळी. ३३ आठवड्यांच्या १९०० ग्रॅमच्या बाळाचं वजन त्याच्या वयाला साजेसं आहे, पण अवयव कोवळे आहेत. ३९ आठवड्यांच्या १९०० ग्रॅमच्या बाळाचे अवयव पिकलेले आहेत, पण कोठार रिकामं आहे. नुसतं वजन लिहून भागत नाही ते यासाठी. आठवडेही हवेत.

आता हीच दोन बाळं टाचेच्या कार्डावर कशी दिसतात ते बघा.

अ‍ॅड्रिनल या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या जन्मजात दोषासाठी, म्हणजे ज्याला सीएएच म्हणतात त्यासाठी, आम्ही १७-ओएचपी नावाचा घटक मोजतो. या दोषाचा मोठा धोका मुलग्यांना. मुलीत बाह्य जननेंद्रियांवरून पुष्कळदा जन्मतःच शंका येते; मुलगा दिसायला अगदी व्यवस्थित असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन, अंगातलं मीठ जाऊन गळून पडतो. जुलाब-उलट्या समजून उपचार होतात आणि बाळ हातचं जातं. म्हणून हा आकडा वाढलेला दिसला की प्रयोगशाळा ताबडतोब फोन करते. पण अपुऱ्या दिवसांच्या, आजारी, कमी वजनाच्या बाळात हा आकडा एरवीच वर असतो. त्याच्या अ‍ॅड्रिनलमधली विकरं पुरती तयार नसतात आणि शरीर ताणाखाली असतं. म्हणून मर्यादा वजनाप्रमाणे किंवा आठवड्यांप्रमाणे वेगवेगळ्या धरतात. वजनाची चौकट कोरी असेल तर आम्ही कुठली मर्यादा लावायची? भरल्या दिवसांच्या बाळाची लावली तर दीड किलोच्या निरोगी बाळाच्या आईला आम्ही पेटीबाहेर रडवतो. ते मी पाहिलं आहे. तिला आधीच दूध येत नसतं, त्यात हा फोन जातो.

थायरॉइडमध्ये चूक उलट्या बाजूनं होते, आणि ती जास्त वाईट.

जन्मल्यावर अर्ध्या तासात प्रत्येक बाळाचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूकडचं संप्रेरक, उसळतो, साठ-ऐंशीपर्यंतही जातो. बाहेरच्या गारव्याला दिलेलं ते शरीराचं उत्तर असतं. पहिल्या दिवसात तो झपाट्यानं आणि पुढच्या काही दिवसांत सावकाश उतरतो. थायरॉइड कमी काम करत असेल तर मात्र तो चढाच राहतो. म्हणून रक्त ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घ्यावं असं सांगतात. लवकर घरी जायची घाई म्हणून बाराव्या तासाला घेतलं, तर आलेला ४० हा आकडा दोषाचा की जन्माच्या उसळीचा, हे वेळ लिहिल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. काही ठिकाणी जन्मताच नाळेतलं रक्त घेतात. टीएसएचसाठी ते चालतं. पण सीएएच किंवा प्रथिनं न पचण्याचे दोष त्यात कळत नाहीत, कारण बाळानं अजून स्वतःच्या जिवावर काही केलेलंच नसतं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत मात्र ही उसळी कमीच असते. मेंदूतून थायरॉइडला मिळणारी आज्ञा त्याच्यात अजून कोवळी असते. ग्रंथी खरोखर कामचुकार असली, तरी टीएसएच वर चढायला आठवडे लागतात. त्यात पेटीत असताना डोपामिन (रक्तदाब सांभाळणारं औषध) किंवा स्टेरॉइड दिलेलं असेल तर टीएसएच आणखी दबतो. पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकानं कातडी पुसलेली असेल तर ते आयोडीन बाळाच्या पातळ कातडीतून आत जाऊन थायरॉइडला काही काळ गप्प करतं. सारख्या जुळ्यांचं रक्त पोटात पुष्कळदा एकमेकांत मिसळलेलं असतं, त्यामुळे चांगल्या थायरॉइडच्या भावंडाचं संप्रेरक दुसऱ्याचा दोष झाकून ठेवतं. तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. कागद खोटा नसतो. त्या दिवशी ते खरंच असतं. तिसऱ्या आठवड्यात ते खरं राहिलेलं नसतं. मुलांच्या संप्रेरकतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत अशा बाळांची दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा असं स्पष्ट सांगितलं आहे. ब्रिटनमध्ये ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचं २८ दिवसांच्या सुमारास थायरॉइडसाठी पुन्हा रक्त घेतात.

माझ्या भाचीची मुलगी अशीच. सातव्या महिन्यात झाली, वजन दीड किलोच्या थोडं वर. कोणत्या दवाखान्यात ते मला इथे लिहायचं नाही. डॉक्टर कामाला चांगले होते आणि मुलगी त्यांनीच जगवली. टाचेचं रक्त घेतलं होतं, रिपोर्ट चांगला होता, फाइलला लावला होता. डिस्चार्ज पेपरवर लसींच्या तारखा होत्या, लोहाचे थेंब होते, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी होती, आणि पुन्हा टाच टोचायची एकही ओळ नव्हती. घरी आल्यावर ती इतकी शांत होती, की येणारं-जाणारं प्रत्येक जण कौतुक करायचं. रडत नाही, उठवल्याशिवाय उठत नाही, अगदी गुणी. कावीळ रेंगाळली, पेटीतलं बाळ आहे, जाईल हळूहळू, असं सगळ्यांनी धरलं. शी तीन-तीन दिवस नाही. बेंबी फुगलेली. रडलीच तर आवाज घोगरा. मी दूरगावी होते. तिला मांडीवर घेतलं तेव्हा ती चार महिन्यांची होत आली होती. जीभ ओठांच्या बाहेर येऊन विसावली होती आणि हातपाय गार होते. दुसऱ्या दिवशी रक्त काढलं आणि जे यायचं तेच आलं.

थायरॉइडची गोळी त्याच दिवशी सुरू झाली. मुलगी आता शाळेत जाते. बोलायला उशिरा लागली, गणितात तिला फार वेळ लागतो, तिच्या आईच्या संध्याकाळी तिला घेऊन बसण्यात जातात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळी मिळाली असती तर यातलं किती टळलं असतं हे मला नेमकं सांगता येणार नाही, कारण अपुऱ्या दिवसांचं तिचं येणंही त्यात आहेच. पण थायरॉइडच्या वाट्याचं टळलं असतं, हे नक्की. मेंदूला त्या महिन्यांत जे संप्रेरक लागतं ते नंतर कितीही दिलं तरी मागचं भरून निघत नाही.

आणि उपचार केवढा? औषधांच्या दुकानातल्या सगळ्यांत स्वस्त गोळ्यांपैकी एक. रोज सकाळी ती दोन चमच्यांमध्ये चुरायची, आईच्या थोड्याशा दुधात कालवायची आणि गालाच्या आत सोडायची. बाटलीभर दुधात घालायची नाही, बाळानं अर्धी बाटली टाकली तर अर्धी गोळी गेली. लोहाचे, कॅल्शियमचे थेंब त्याच वेळी द्यायचे नाहीत. मात्रा ठरते ती किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम या हिशेबानं. म्हणजे इथेही पुन्हा वजनच.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करते, कारण घरोघरी तो ऐकते. ‘आमचं बाळ चांगलं तीन किलोचं आहे, त्याला कशाला टोचायचं?’ जन्मजात थायरॉइड दोष असलेली बहुतेक बाळं भरल्या दिवसांची, चांगल्या वजनाचीच असतात. आईचं थोडं संप्रेरक नाळेतून मिळालेलं असतं, म्हणून जन्मतः ती इतर बाळांसारखीच दिसतात. टाच प्रत्येक बाळाची टोचायची. कमी वजनाच्या बाळाची दोनदा, एवढाच फरक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता इथे लाखाहून अधिक नवजात बाळं तपासली तेव्हा थायरॉइडचा जन्मजात दोष ११३० बाळांमागे एकात निघाला. पाश्चात्त्य देशांत तीन-चार हजारांत एक असं पूर्वापार सांगत आले आहेत. आपल्याकडे त्याच्या जवळपास तिप्पट. सीएएच ५७६२ मागे एक. आणि देशात जन्मणाऱ्या दर शंभरातली अठराएक बाळं अडीच किलोच्या आतली आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल सांगतो. ही प्रमाणं शेजारी ठेवली म्हणजे दुसरी तपासणी राहून जाणं ही क्वचितची गोष्ट नाही, हे ध्यानात येईल.

जन्मवजन नीट लिहून ठेवण्याला आणखी एक बाजू आहे, आणि मला तिचं फार अप्रूप आहे. इंग्लंडात हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंनी आपल्या सुइणी आणि परिचारिकांना प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि पुढे वर्षाचं झाल्यावरचं वजन वह्यांत लिहायला लावलं. त्या वह्या पडून राहिल्या. बऱ्याच दशकांनी डेव्हिड बार्कर यांच्या गटाला त्या मिळाल्या. त्यांनी ती बाळं शोधली. ती आता साठी ओलांडलेली माणसं होती. ज्यांचं जन्मवजन कमी होतं त्यांच्यात हृदयविकार आणि साखर न पचण्याचं प्रमाण जास्त निघालं. पोटात अन्न कमी मिळालं की शरीर काटकसरीवर बेतलं जातं आणि पुढे भरपूर मिळालं की तीच काटकसर अंगाशी येते, हा विचार १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी मांडला तो अशा वह्यांच्या जोरावर. आपल्याकडेही म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलनं १९३४ पासून बाळांची वजनं आणि मापं जपून ठेवली होती. तिथेही कमी जन्मवजन आणि नंतरचा हृदयविकार यांचा संबंध दिसला. मधुमेहाचं चित्र मात्र तिथे वेगळं निघालं: वजनदार आयांची, लांबीला आखूड पण अंगानं भरलेली बाळं पुढे जास्त मधुमेही झालेली आढळली. म्हणून ‘चार किलोचं झालं’ म्हणून पेढे वाटतानाही आईची साखर तपासली होती का, हे विचारायला हवं. मधुमेही आईच्या मोठ्या बाळात इन्सुलिन जास्त असतं आणि जन्मल्यावर त्याचीही साखर धाडकन उतरते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांची आणि त्यांच्या बाळांची जी मापं घेतली, ती तर आपल्याच घरची आहेत. तिथल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५. पण आपल्या बाळाला कमतरता पडली ती स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची. पाठीवरची, कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारं पण चरबी राखून असलेलं बाळ. दिल्लीच्या एका मोठ्या पाहणीत, जी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, असं दिसलं की तिशीच्या सुमारास साखर बिघडलेली माणसं तान्हेपणी किरकोळ होती आणि बालपणभर वजनाच्या पायऱ्या भराभर चढत गेली होती. आज्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, की दोन किलोच्या बाळाला वर्षात गुटगुटीत करायचा हट्ट धरू नका. त्याला अंगावरचं दूध, ऊब आणि वेळ द्या. साखरपाणी आणि वरचे डबे त्याचं कोठार चुकीच्या जागी भरतात.

कमी वजनाचं बाळ म्हणजे उद्याचा मधुमेही, असा याचा अर्थ कोणी कृपा करून घेऊ नये. हा कल असतो, निकाल नसतो. टाचेच्या थेंबात मधुमेह दिसतही नाही. पण त्या मुलाच्या विसाव्या-पंचविसाव्या वर्षी डॉक्टरांनी ‘जन्मवजन किती होतं?’ असं विचारलं तर उत्तर कुठेतरी लिहिलेलं असावं, आणि ते ‘अडीचच्या आसपास’ नसावं.

आता माहेरघरांकडे वळते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पुण्याची, मुंबईची, सुरतेची लेक सातव्या महिन्यानंतर रावपुऱ्यात, दांडिया बाजारात येते. दवाखान्याच्या फॉर्मवर फोन असतो जावयांचा, आणि जावई कामावर परगावी. रिपोर्ट वाईट आला की प्रयोगशाळा दवाखान्याला कळवते, दवाखाना त्या फोनवर कळवतो, तो अनोळखी नंबर म्हणून उचलला जात नाही. सीएएचच्या बाळाजवळ वाट बघण्याइतके दिवस नसतात. म्हणून फॉर्मवर दोन फोन लिहा, एक सासरचा आणि एक जिथे बाळ खरोखर निजणार आहे त्या घरचा. आणि ‘काही असलं तर कळवू’ या उत्तरावर समाधान मानू नका. चांगला असो वा वाईट, रिपोर्ट हातात घ्या. ममता कार्डात, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींच्या सरकारी कार्डात, त्याचा आकडा आणि तारीख लिहून मागा. पाचवीच्या रात्री सटवाईसमोर आपण कोरा कागद आणि लेखणी ठेवतो; ते खुशाल ठेवा. दवाखान्यातला कागद मात्र त्या आठवड्यात कोरा राहता कामा नये.

सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरठा ओलांडायचा नाही, हे मला मान्य आहे, तिच्या विश्रांतीसाठी ते चांगलंच आहे. पण दुसरी टाच टोचायची वेळ नेमकी त्याच सव्वा महिन्यात येते. आजीनं किंवा मामीनं बाळाला छातीशी उबेत धरून न्यावं आणि पुढच्या दुधाच्या वेळेच्या आत परत आणावं. जमलं तर सिस्टरला घरी बोलवावं. थेंब घ्यायला पाच मिनिटं लागतात.

जुन्या पेटीतली दुपटी आणि झबली डांबरगोळ्यांत ठेवलेली असतात. आजोबांचं धोतर मऊ म्हणून त्याचीच लंगोटी करायची, हाही आपला जिव्हाळा. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाला त्या गोळ्यांच्या नुसत्या वासानंही रक्त फुटून जबर कावीळ होऊ शकते. ते कपडे आधी धुवा, कडक उन्हात दिवसभर वाळवा, डांबरगोळ्यांना बाळाच्या खोलीतून हद्दपार करा. हा दोषही त्याच टाचेच्या थेंबात कळतो. फक्त बाळाला रक्त चढवलं असेल तर नंतर घेतलेला थेंब रक्तदात्याची माहिती देतो. म्हणून डॉक्टर, रक्त चढवायचं ठरलं की आधी कार्डावर थेंब घ्या, मग बाटली लावा. रात्री दोन वाजता घाईत हे राहतं, हे मला माहीत आहे. म्हणून कोरं कार्ड बाळाच्या पेटीलाच चिकटवून ठेवा.

केरळ आणि गोवा या राज्यांनी सरकारी दवाखान्यांतून ही तपासणी चालवून दाखवली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत २०१३ पासून जन्मजात थायरॉइड दोषाचं नाव आहे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि महापालिकेला आम्ही काही जणी वेगळं निवेदन देतो आहोत. ज्या बडोदा संस्थानानं १८९३ मध्ये अमरेलीत सुरुवात करून १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच्या राजधानीत टाचेचा एक थेंब सक्तीचा आणि मोफत व्हावा, ही मागणी मला मोठी वाटत नाही. शाळेत बसवायचं ते मूल शिकू शकेल असं राखायला नको का? पण सरकारी कागद हलायला वेळ लागेल, आणि कार्डावर तीन आकडे लिहायला कोणाची मंजुरी लागत नाही. डिस्चार्ज पेपरवर लसींच्या तारखांखाली ‘दुसरी टाच-तपासणी: तारीख’ अशी एक ओळ छापून घ्यायलाही लागत नाही.

ज्या प्रसूतिगृहाला आपल्या सिस्टरांना हे शिकवायचं असेल, तिथे मी दुपारच्या वेळी यायला तयार आहे. पैसे नकोत. एक टेबल, वजनकाटा आणि दोन-चार कोरी कार्डं असू द्या. काटा शून्यावर आहे का, दुपट्याचं वजन वजा केलं का, इथपासून सुरू करू आणि थेंब सुकवण्यापर्यंत जाऊ. रात्रपाळीच्या सिस्टरांना दुपारी जमत नसेल तर रात्री येईन.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
दांडिया बाजार, बडोदा